कानाचं पान

ताई — खोड.

लेखनिक — अख्खं पान?

ताई — अख्खं. वरून खाली एकच रेघ. कापडावर खडूने मारतो तशी.

मुक्या — ताई, अगं, माझ्या आठवणींच्या ह्या सबंध पुस्तकात वाचण्यासारखं एवढं एकच पान आहे. बाकीची दोनशे म्हणजे त्याच्याभोवती गुंडाळलेली रद्दी.

ताई — मग रद्दी छाप. मी कुठे नको म्हणते?

मुक्या — ऐकलंस ना, पोरी? पन्नास वर्षं लोकांचा समज, की ह्या घरातला विनोदी माणूस मी. घे लिहून.

लेखनिक — सर, मी काय काय लिहून घेऊ? पाच वाजता छापखान्याचा माणूस पानं न्यायला येणार. आत्ता अडीच झालेत. आणि ज्या प्रकरणात ताई आहेत त्याच्यावर ताईंची सही हवी, असं प्रकाशकांनी निक्षून सांगितलंय.

ताई — सही करते की. हे पान काढा, लगेच करते.

मुक्या — कारण?

ताई — बरं नाही वाटत.

मुक्या — बरं नाही वाटत! ह्या पानावर लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, ताई. मुलांच्या इस्पितळात दरवर्षी मी हाच किस्सा सांगतो. नर्सबाई डोळे पुसतात. आणि जिची गोष्ट आहे ती म्हणते, बरं नाही वाटत.

ताई — कान नर्सबाईंचा नव्हता.

लेखनिक — मी एक सुचवू? प्रकरण सुरुवातीपासून वाचते. चुकलं असेल तिथे ताई अडवतील. ते पान आलं की सोडून पुढे जाते. त्याच्यावाचून प्रकरण उभं राहतं का, ते तरी कळेल.

ताई — वाच. पण अशी डावीकडे ये. उजवीकडून वाचलंस तर भिंतीला ऐकवल्यासारखं होईल.

लेखनिक — ‘मुलाचं सगळं लहानपण एका झोपेच्या उशाशी गेलं. झोप त्याच्या बापाची होती. बाप बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला यंत्रावर असे. सकाळी सातला घरी येई, दोन घास खाई आणि भिंतीकडे तोंड करून आडवा होई. खोली एकच. मग दुपारी चारपर्यंत त्या खोलीत आणखी जिवंत माणसं आहेत ह्याचा कुणाला सुगावा लागू नये, असा घरचा कायदा होता. बाप तापट होता. झोपमोड झाली तर घर डोक्यावर घेई.’

ताई — कोण तापट?

लेखनिक — वडील.

ताई — आमचे?

मुक्या — ताई, पुस्तकात जरा…

ताई — बाबांनी उभ्या जन्मात कुणावर हात उगारला नाही. आवाजसुद्धा चढवला नाही. घर डोक्यावर घ्यायला अंगात त्राण लागतं, ते कुठून आणणार? यंत्रावर एकदा डुलकी लागली आणि डाव्या हाताची दोन बोटं गेली त्यांची. तेव्हापासून आई इस्पितळाच्या धुलाईत कामाला निघताना आम्हा दोघांना दारात उभं करायची आणि सांगायची, बाबांची आठ बोटं उरलीत, तेवढी सांभाळा. झोप झाली नाही तर उद्या सात. कायदा कसला गं? आम्ही बोटं सांभाळत होतो.

लेखनिक — सर, हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत.

मुक्या — तापट बाप लोकांना एका वाक्यात कळतो. थकलेला बाप समजावून सांगावा लागतो.

ताई — मग सांग समजावून. दोनशे पानं आहेत ना? ‘तापट’ खोड. ‘थकलेला’ लिही.

लेखनिक — खोडलं. पुढे. ‘दोघा भावंडांनी गप्प राहण्याचं एक शास्त्रच तयार केलं. जेवायला लाकडी चमचे. झाकणाखाली फडकं. नळ गळायचा, त्याच्या तोंडाला सुतळी बांधलेली, म्हणजे थेंब सुतळीवरून उतरावा, टप्प होऊ नये. बिजागरीत खायचं तेल. खोकला आला तर उशीत. शिंक आली तर…’

मुक्या — शिंकेला मात्र इलाज सापडला नाही. शिंक आली की मी जिन्यात पळायचो. एकदा तीन मजले उतरलो आणि खाली गेल्यावर आलीच नाही. मला इतका राग आला, की मी खोटंच शिंकलो.

ताई — हे खरं आहे. राहू दे.

लेखनिक — ‘दिवसभर न बोलल्यामुळे मुलगा शाळेतही बोलेना. मास्तरांना वाटलं, मुका आहे. शेजाऱ्यांना वाटलं, बिचारा मुका आहे. नाव पडलं मुक्या. पुढे हेच नाव हातभर अक्षरांत नाट्यगृहांच्या दारावर लागणार होतं, हे त्या जिन्यातल्या पोराला कुठून ठाऊक असणार?’

ताई — ‘बिचारा’ शेजारी नव्हते म्हणत. शेजारी म्हणायचे, बरंय, एक तरी पोर गप्प आहे.

मुक्या — बघ! माझ्या वाक्याला टाळी नाही आणि हिच्या वाक्यावर तू हसलीस.

लेखनिक — माफ करा, सर. ‘गप्प राहून करमेना, तेव्हा मुलगा बहिणीला हसवू लागला. तेही आवाज न करता. बहीण हसू आलं की उशीत तोंड खुपसून हसे. हसणं ऐकू येतं हे मुलाला माहीतच नव्हतं म्हणा ना. त्याच्या लेखी हसणं म्हणजे हलणारे खांदे.’ …आता ते पान. सोडते.

ताई — सोड.

लेखनिक — ‘एकोणिसाव्या वर्षी तो एका नाट्यगृहात पडदा ओढायच्या कामाला लागला. सामानाच्या खोलीत, लाकडी तलवारी आणि कागदी झाडं ह्यांच्यात त्याचं अंथरूण. एके संध्याकाळी पडदा अर्ध्यावर अडकला. मागे गायिका अर्ध्या कपड्यांत, पुढे सहाशे माणसं. व्यवस्थापकाने हाताला लागेल तो माणूस पुढे ढकलला. तो मुक्या होता.’

मुक्या — ढकलला नाही, लाथ घातली. पण लाथ छापता येत नाही, त्या व्यवस्थापकाचा नातू आता प्रकाशकांचा जावई आहे.

लेखनिक — ‘मुक्याला एकच खेळ येत होता. झोपलेल्या माणसाच्या उशाखालून रुमाल काढणारा चोर. तो त्याने केला. सहाशे माणसं खो खो हसली. आणि मुक्या भयाने पांढराफटक पडला. आपल्यामुळे इतका मोठा आवाज झालेला त्याने आयुष्यात ऐकला नव्हता. त्याने तोंडावर बोट ठेवलं, विंगेकडे खूण केली, तिकडे कुणी झोपलंय अशी, आणि लोकांना कळवळून गप्प करू लागला. लोक आणखी हसले. त्याने हात जोडले. लोक खुर्च्यांवरून घसरले. समीक्षकांनी पुढे त्या बोटावर लेख लिहिले. ते बोट म्हणजे सत्तेला विचारलेला प्रश्न आहे, असं एकाने सिद्ध केलं.’

ताई — बाबा उठतील म्हणून गप्प करत होतास?

मुक्या — बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. तरी.

ताई — हो रे. मीही शर्टांच्या कारखान्यात पहिला महिना कुजबुजत बोलायचे. काजं पाडायच्या शंभर मशिनी धडधडतायत आणि मी सुपरवायझरच्या कानाशी जाऊन सांगतेय, दोरा तुटला. बाईला वाटलं, मी काहीतरी चहाडी करतेय.

मुक्या — आणि हे लिहिलं नाही आपण! त्या प्रयोगानंतर मी आत आलो आणि आग विझवायला ठेवलेल्या वाळूच्या बादलीत ओकलो. दोन वर्षं हेच. लोक हसले की ओकायचो. व्यवस्थापक म्हणायचा, तुझ्यापायी वाळू किती लागते! दुसऱ्या एका ठिकाणी तर मला काढूनच टाकलं. म्हणे, आम्ही लोकांना हसवायला तिकीट लावतो आणि हा त्यांना गप्प बसवतो.

ताई — हे मला नव्हतं माहीत.

मुक्या — कसं असेल? तू येतच नव्हतीस.

ताई — ओकायचास तर मग करायचास कशाला? पडदा ओढायचा सुखाने.

मुक्या — आता वाच, पोरी. उत्तर पुढच्याच ओळीत आहे.

लेखनिक — ‘पण मुक्या मागे हटला नाही. कारण बहिणीच्या दुखऱ्या कानाच्या त्या तीन दुपारी तो जे शिकला होता…’ …सर, इथे अडतं. वाचणारा विचारेल, कुठल्या तीन दुपारी?

मुक्या — अडणारच! मुळं छाटून वर झाड ठेवलंय तुम्ही. ताई, तूच सांग, राहतं का उभं? पडदा अडकला त्या दिवशी मी पळून का गेलो नाही? दोन वर्षं बादलीत ओकूनही पुन्हा का उभा राहिलो? कारण मला ठाऊक होतं, की माझं हसवणं दुखण्याला पुरून उरतं. सहाव्या वर्षी पाहिलं होतं मी. ते पान काढलंस तर ह्या पुस्तकात नुसता एक ओकणारा माणूस उरतो.

ताई — वाच ते पान.

लेखनिक — वाचू?

ताई — वाच. सगळं.

लेखनिक — ‘मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. एका सोमवारी मुलीचा कान ठणकू लागला. बाप झोपलेला, रडायची सोय नाही. मुलाने तिच्यासाठी खेळ मांडला. झोपलेल्या माणसाच्या उशाखालून रुमाल काढणारा चोर. मुलीने क्षणभर पाहिलं, मग उशीत तोंड खुपसलं, आणि तिचे खांदे गदगदा हलू लागले. ती हसत होती. मुलाने खेळ पुन्हा केला. खांदे पुन्हा हलले. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. पुढे तो कान गेला. पण त्या तीन दुपारी मुलीला दुखणं शिवलंसुद्धा नाही. हसण्यात काय ताकद असते, ते सहा वर्षांच्या मुलाला त्या दिवशी कळलं.’

मुक्या — ह्यात काय बरं नाही वाटत?

ताई — गेल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरची बाई भेटली मला. म्हणाली, आमच्या छोटीचा कान दुखत होता, तर मी तुमच्या भावाचा कानाचा किस्सा लावून दिला मोबाईलवर. मग तिच्या दादाने तसाच खेळ करून दाखवला. पोर गप्प झाली हो, झोपली. किती कौतुकाने सांगत होती. मी तशीच चपला घालून खाली उतरले. पोरीला उठवलं, रिक्षात घातलं, डॉक्टरकडे नेलं. आत पू झाला होता. डॉक्टर म्हणाले, आज आणलंत म्हणून बरं.

लेखनिक — मग ठीक आहे ना ती आता?

ताई — ठीक आहे. काल जिन्यात केकाटत होती. इतकं बरं वाटलं मला.

मुक्या — बरं, मग खाली एक ओळ टाकू. ‘कान दुखल्यास डॉक्टरकडे जावे.’ औषधाच्या बाटलीवर असते तशी. झालं समाधान?

ताई — मस्करी करू नकोस.

मुक्या — मस्करी हा माझा धंदा आहे, ताई.

ताई — माहीत आहे. अंगावर आलं की तू लगेच रंगमंचावर चढतोस. जरा उतर खाली. मी हसत नव्हते.

मुक्या — कधी?

ताई — त्या सोमवारी. रडत होते.

मुक्या — नाही, नाही. मी पाहिलंय. तुझे खांदे…

ताई — हलत होते. उशीत तोंड घालून रडलं की खांदे हलतात, मुक्या. आवाज काढायचा नाही म्हटल्यावर हसणं आणि रडणं पाठीमागून सारखंच दिसतं. दुसऱ्या घरातल्या पोराला आवाजावरून कळलं असतं. आपल्या घरात कसं कळणार?

लेखनिक — मी… मी पाणी आणू का?

ताई — तिथेच बस तू. हे तुलाही लिहायचंय.

मुक्या — मंगळवारी?

ताई — रडतच होते.

मुक्या — बुधवारी? बुधवारी तू माझ्याकडे वळून पाहिलंस. मला आठवतंय. दात दिसले होते तुझे.

ताई — बुधवारी मुद्दाम हसून दाखवलं. उशीवर तुला काहीतरी पिवळं दिसलं होतं. तू तिथे बोट लावलंस, माझ्याकडे पाहिलंस, आणि तुझा चेहरा असा झाला की आता हा किंचाळणार. बाबा उठणार. म्हणून मी दात दाखवले आणि तू हसताना खांदे हलवतोस तसे हलवले. तू लगेच खेळ सुरू केलास. इतका खूश झाला होतास!

मुक्या — तू हसलीस, मग मला वाटलं, दूध सांडलंय.

ताई — वाटू दे. सहा वर्षांचा होतास.

मुक्या — मग संध्याकाळी? चारनंतर तरी आईला सांगायचंस!

ताई — दिवसभर दाबून ठेवलेलं चारच्या ठोक्याला बाहेर येत नाही रे. आई यायची ती सोललेले हात घेऊन. बाबांचा डबा, बाबांचे मोजे, सगळी धांदल. त्यात मी कानाला फडकं बांधून कोपऱ्यात. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. गुरुवारी आईनेच फडकं सोडलं. डॉक्टर म्हणाले, सोमवारी आणलं असतं तर.

मुक्या — बासष्ट वर्षं, ताई. बासष्ट वर्षं तू मला हे सांगितलं नाहीस. मी मुलांच्या इस्पितळात जाऊन… प्लास्टर घातलेल्या पोरांना… आणि तू घरी बसून ऐकत होतीस!

ताई — कधी सांगणार होते? शाळेतून काढलं तेव्हा? त्या दुसऱ्या नाट्यगृहातून काढलं तेव्हा? तू कारखान्याच्या दाराशी येऊन उभा राहायचास, तोंड एवढंसं करून, आणि म्हणायचास, जाऊ दे, कान दुखत असताना ताई हसली होती, लोक तर नुसते बसलेले असतात, ते का नाही हसणार? तेवढ्या एका फळीवर उभा होतास तू. मी ती खालून ओढून घेऊ? मग तू मोठा झालास. मग सांगण्यासारखं काही उरलंच नाही. माझंही बरं चाललं होतं. मशिनींच्या कल्लोळात सगळ्या बायकांची डोकी उठायची, मला निम्माच आवाज. सुपरवायझर म्हणायची, तुझं नशीब.

मुक्या — म्हणजे माझं पहिलं हसू खोटं.

ताई — हसू नव्हतंच. खोटं कुठून असेल?

मुक्या — हे वाक्य तू रंगमंचावर टाकलं असतंस ना, तर लोक…

ताई — उतर म्हटलं ना खाली.

मुक्या — उतरलो.

लेखनिक — छापखान्याला कळवते मी, पान उद्या मिळेल म्हणून. किंवा पान गाळू या, सर. ताई म्हणतात तसं. पुढचं वाक्य मी कसंतरी सांधून देते.

मुक्या — गाळायचं नाही. दे इकडे पेन्सिल. ताई, धर. तू खोड.

(ताई पान मांडीवर घेते. बराच वेळ फक्त पेन्सिलीचा आवाज.)

मुक्या — वाच आता काय उरलं ते.

लेखनिक — ‘मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. एका सोमवारी मुलीचा कान ठणकू लागला. बाप झोपलेला, रडायची सोय नाही. मुलाने तिच्यासाठी खेळ मांडला. मुलीने क्षणभर पाहिलं, मग उशीत तोंड खुपसलं, आणि तिचे खांदे हलू लागले. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. पुढे तो कान गेला. हसण्यात काय ताकद असते, ते सहा वर्षांच्या मुलाला त्या दिवशी कळलं.’

मुक्या — शेवटचं वाक्य का ठेवलंस?

ताई — ते तुझं आहे. मी कशी खोडू?

मुक्या — मी खोडतो. आण. …आणि ‘खांदे हलू लागले’ च्या पुढे लिही, पोरी. ‘ती रडत होती.’

ताई — मुक्या, विचार कर. लोक म्हणतील, एवढी वर्षं हा आम्हाला काय सांगत होता? इस्पितळवाले काय म्हणतील?

मुक्या — इस्पितळात जाऊन मीच सांगेन. पोरांना सांगेन, दुखलं तर बोंब मारा. हसू माझ्यासाठी नंतर ठेवा.

ताई — ते चालेल. ह्याला मी सही करते.

लेखनिक — पण पानाला शेवट हवा ना, सर. मुलाला काहीतरी कळायला हवं. नाहीतर पुढे एकोणिसाव्या वर्षी तो त्या सहाशे माणसांपुढे…

मुक्या — मुलाला काही कळलं नाही. असंच लिही. ‘मुलाला काही कळलं नाही. तो खेळ करत राहिला.’ हेच पुढेही लागू पडतं. तिथलं ‘तो जे शिकला होता’ तेवढं खोड, सांधायची गरज नाही.

लेखनिक — लिहिलं.

मुक्या — ताई…

ताई — काय रे?

मुक्या — खूप दुखत होतं का गं?

ताई — हो.

मुक्या — किती? म्हणजे, कसं?

लेखनिक — हे लिहून घेऊ ना, ताई?

ताई — थांब जरा, पोरी. आधी मला ह्याला सांगू दे.